गच्चीवरच्या टोमॅटोला काय घालावं: गांडूळखत, पेंड की पाण्यात विरघळणारं खत?

ऑगस्ट-सप्टेंबरात इंदूरच्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या गच्च्यांवर टोमॅटो-मिरचीची रोपं चढली, की महिन्याभरात प्रश्न सुरू होतो: आता यांना खायला काय द्यायचं? एका घरातल्या काकू शेणखत-गांडूळखताशिवाय कशाला हात लावत नाहीत. समोरच्या घरातला मुलगा पुडीतली पूड झारीत कालवून मोकळा होतो. दोघांचीही रोपं डोळ्यांना हिरवीच दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

सेंद्रिय बरं की रासायनिक, हा वाद मी इथे बाजूला ठेवते. कुंडीपुरता विचार केला तर निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: कुंडी केवढी आहे, पाणी कुठलं आहे आणि तुम्ही दर आठवड्याला गच्चीवर जाता की नाही.

शेतातल्या रोपाला भूक लागली तर मुळं खाली-बाजूला पसरतात. बारा इंची कुंडीत साधारण बारा-पंधरा लिटर माती मावते, तेवढंच त्याचं जग. रोज पाणी घातलं की नत्र (नायट्रोजन) तळाच्या भोकातून वाहून जातं. म्हणून टोमॅटोसारख्या खादाड रोपाला कुंडीत पुनःपुन्हा खत द्यावं लागतं, तर कोथिंबीर-मेथीला एकदा भरलेली माती सहज पुरते. पालेभाजीच लावणार असाल तर गांडूळखत घाला आणि हा लेख इथेच सोडा.

गांडूळखतात नत्र साधारण एक ते दीड टक्का असतं. १९:१९:१९ या विरघळणाऱ्या खतात नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के. आकड्यांनी पाहिलं तर एक किलो पुडीतलं नत्र गाठायला तेरा ते एकोणीस किलो गांडूळखत लागेल. एवढ्यावरूनच बरेच जण पुडीकडे वळतात, पण ही तुलना अर्धी आहे. गांडूळखतातलं नत्र सूक्ष्मजीव हळूहळू मोकळं करतात, त्यामुळे ते लगेच वाहून जात नाही. शिवाय ते मातीची पोत बदलतं, आणि आपल्याकडे ही बाब फार मोठी आहे. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तीच नुसती कुंडीत भरली तर पाणी वर साचतं नाहीतर कडेच्या भेगेतून सरळ खाली जातं, मुळांना काहीच मिळत नाही. एक भाग माती, एक भाग खत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू असं मिश्रण केलं तरच पुढच्या सगळ्या खतांना अर्थ आहे. हे काम पुडी करू शकत नाही.

घरी खत करणाऱ्यांसाठी इंदूरहून चांगलं गाव नाही, असं मला मनापासून वाटतं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत, खत कुजवण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. त्यांच्यासोबत यशवंत वाड होते. पिकाचा काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, मधूनमधून उलथापालथ आणि साधारण तीन महिन्यांत तयार खत. गच्चीवर तेच छोट्या प्रमाणात करता येतं. ओला कचरा आपण घरात आधीच वेगळा काढतो. त्याच्या दुप्पट सुकी पानं घाला, डब्याला बाजूने भोकं पाडा, आठवड्यातून एकदा वर-खाली करा. बाकीचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाकडे जाऊ दे. दिवसाला ५५० टन क्षमतेचा तो प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, त्याला तुमच्या दोन मुठी सालींची कमतरता भासणार नाही.

मात्र खत पूर्ण झालेलं हवं. मूठभर हातात घेऊन पाहा: साल, देठ, चहाची पत्ती ओळखू येता कामा नये, हाताला गार लागलं पाहिजे आणि वास ओल्या मातीचा यायला हवा. अजून कोमट असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत घातलं की ते कुजण्यासाठी जंतू मातीतलंच नत्र ओढून घेतात. रोप पिवळं पडतं आणि माणूस आणखी खत घालतो.

आता पेंड. छावणी भागातल्या खत-बियाण्यांच्या दुकानात निंबोळी आणि मोहरी दोन्ही मिळतात. ‘नीम खली’, ‘सरसों खली’ म्हणून मागा. दोन्हींत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गांडूळखताच्या तिपटीहून जास्त. निंबोळी पेंड कोरडीच मातीत मिसळतात. ती जमिनीतलं नत्र वाहून जाण्याचा वेग कमी करते आणि मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींना आळा घालते. बारा इंची कुंडीला माती भरतानाच एक मूठ पुरे. मोहरीची पेंड मात्र भिजवून द्यायची: शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस, मग गाळून दहापट पाणी. परिणाम चार-सहा दिवसांत पानांवर दिसतो. अडचण एकच, पण ती मोठी आहे. वास. स्वतंत्र घराची गच्ची असेल तर चालून जातं. फ्लॅटच्या बाल्कनीत शेजाऱ्यांशी संबंध राखायचे असतील तर हा मार्ग सोडा. पावसाळ्यातही नको, कारण ओलसर पेंडेवर बुरशी आणि माशा दोन्ही जमतात.

जीवामृताबद्दल थोडक्यात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं हे द्रावण जंतूंसाठी चांगलं आहे, पण त्यात अन्नद्रव्यं फार थोडी असतात. कुंडीतल्या टोमॅटोचं पोट त्याने भरत नाही. बोनमीलचा (हाडांच्या चुऱ्याचा) आग्रहही मला पटत नाही. आपली माती अल्कधर्मी आहे आणि हाडांतलं स्फुरद मोकळं व्हायला आम्लता लागते. ते तसंच पडून राहतं.

विरघळणाऱ्या खतांचा खरा फायदा वेग आणि नेमकेपणा. लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ म्हणजे १९० मिलिग्रॅम नत्र, कुंडीतल्या वाढत्या रोपाला भरपूर. पाकिटावर याहून जास्त मात्रा छापलेली असते; ती शेताच्या हिशोबाची असते, गच्चीसाठी लिटरला एक ग्रॅमच धरा. चमच्याच्या अंदाजावर न जाता स्वयंपाकघरातला छोटा काटा वापरा. दर दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळी, आणि आधी साधं पाणी घालून माती ओली केल्यावरच. कोरड्या मातीत हे द्रावण गेलं की मुळांना चटका बसतो आणि पानांची टोकं करपतात.

तरीही १९:१९:१९ हंगामभर चालवू नये असं माझं ठाम मत आहे. रोपाला नत्राच्या बरोबरीचं स्फुरद कधीच लागत नाही. उरलेलं साचतं आणि लोह-जस्ताचं शोषण अडवतं. फुलं धरेपर्यंत ते वापरा. फळं लागली की पालाश वाढवा: १३:०:४५, लिटरला एक ग्रॅम. टोमॅटोचा बुडाकडचा भाग काळा पडत असेल तर तिथे कॅल्शियम पोचत नाहीये, आणि बहुतेक वेळा कारण कमी-जास्त पाणी हेच असतं. आधी पाणी नियमित करा, मग कॅल्शियम नायट्रेटचा विचार करा. कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट), किंवा कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं कुठलंही खत, एकाच झारीत घालू नका. तळाला पांढरा साका बसतो आणि पैसे तिथेच राहतात.

पाण्याचा मुद्दा इथे येतो, आणि तो कुणी सांगत नाही. जलूदहून सत्तर किलोमीटर येणारं नर्मदेचं पाणी तुमच्या नळाला असेल तर विरघळणारी खतं निर्धास्त वापरा. बोअरवर असाल तर थांबा. बोअरच्या पाण्यात क्षार आधीच असतात, त्यात पुडीचे मिसळतात. कुंडीची कड बघा: मातीच्या पातळीला पांढरट, खडबडीत कडा आली असेल, नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघत असेल, तर क्षार साचले आहेत. अशा घरांनी गांडूळखत आणि निंबोळी पेंडेवर भर द्यावा आणि महिन्यातून एकदा तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत साधं पाणी घालावं. आरओचं बाहेर टाकायचं पाणी झाडांना घालू नका. त्यात नेमके तेच क्षार दाट झालेले असतात.

खत बदलण्याआधी पान वाचायला शिका, यात खूप पैसा वाचतो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. खालच्याच पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, त्यासाठी एप्सम मीठ. वरची कोवळी पानं शिरा सोडून पिवळी असतील तर लोह. लिंबू आणि जास्वंदीवर हे आपल्याकडे हमखास दिसतं, आणि लोक युरिया घालत बसतात. लोह मातीत असतंच, अल्कतेमुळे मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (मुळांना मिळेल अशा रूपात बांधलेलं) घ्या. चुनखडीच्या मातीत ईडीटीएपेक्षा ईडीडीएचए प्रकारचं टिकतं, महाग असलं तरी.

मग तुमच्यासाठी कुठलं? अठरा इंची कुंड्या किंवा मोठ्या ग्रो बॅगा, नियमित माणूस आणि घरचं खत असेल तर खत आणि निंबोळी पेंड पुरेशी आहे; फळं लागल्यावर पंधरा दिवसांनी एकदा मोहरीचं पाणी द्या. बारा इंची किंवा त्याहून छोट्या कुंड्यांत टोमॅटो घेताय आणि नळाला नर्मदा आहे, तर मातीत एक तृतीयांश गांडूळखत आणि वरून विरघळणारं खत. मी बहुतेकांना हेच सांगते, कारण गच्चीवर बहुतेकांकडे बारा इंचीच कुंड्या असतात. आठवड्याला एकदाच गच्चीवर जाणाऱ्यांनी पुडीच्या नादी लागू नये. वेळ चुकली की एकदम जास्त घालण्याचा मोह होतो.

नवीन लावलेल्या रोपाला पहिले दहा-पंधरा दिवस काहीही देऊ नका. मान टाकलेल्या रोपालाही नाही, आधी ते पाण्याच्या कमी-जास्तीने सुकलंय का ते पाहा. आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की खत थांबवा, हिरवी जाळी बांधा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी तेवढं चालू ठेवा.