सोलापुरी चादर: पांघरायला उत्तम, घडीला हट्टी

सोलापूरच्या चाटी गल्लीत मिळणारी सिंगल सुती जॅकार्ड (मागावरच नक्षी विणलेली) चादर साधारण ६० बाय ९० इंचांची असते. वीण दुपदरी, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे. टिकाऊपणाला तोड नाही. मात्र जाडीमुळे पातळ बेडशीटसारखी घडी केली तर कपाटात गोळाच होतो.

रुंदीची चौपदरी घडी नको, तिपदरी करा. मग लांबी तीनदा निम्मी करा. २० बाय ११ इंचांचा सपाट गठ्ठा होतो आणि ३२ ऐवजी २४ थर पडतात. दोघांनी टोके धरून ताणली तर इस्त्री लागत नाही. पुढच्या वेळी लांबीची घडी तिपदरी करा, एकाच रेषेवर सूत झिजत नाही.

पहिल्या एकदोन धुण्यांत गडद रंग सुटतात, तेव्हा वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा. सोलापूरच्या उन्हात ती तासाभरात वाळल्यासारखी वाटते, पण काठाच्या शिवणीत ओल राहते. तशीच ठेवली की पावसाळ्यात कुबट वास आणि काळे ठिपके. प्लॅस्टिकची पिशवी म्हणूनच नको, जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळा. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा, कापडाला थेट लागू देऊ नका. एकावर एक चारपेक्षा जास्त चादरी रचू नयेत. तळची काढताना सगळी चळत कोसळते, हे वेगळे सांगायला नको.

दोष एकच: दिवाणाच्या उथळ कप्प्यात ही मावत नाही.