‘मुलाला आणायची गरज नाही’ : यूडीआयडी कार्डापायी गेलेले ११,८६० रुपये

माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, मी एका एजंटाला ११,८६० रुपये दिले. या कामाला सरकार एक रुपयाही घेत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक होते, तरीही दिले.

आमच्या सरकारी रुग्णालयात स्वमग्नतेची तपासणी फक्त बुधवारी होते. आम्ही चार बुधवार गेलो. एकदा मानसशास्त्रज्ञ रजेवर होते, एकदा सर्व्हर बंद होता, एकदा कागद अपुरे निघाले. चौथ्या वेळी साडेतीन तासांच्या रांगेत, पंख्याच्या खडखडाटाने हैराण होऊन मुलगा दोन्ही कान दाबून बाकाखाली शिरला, आणि शेजारच्या बाई मला म्हणाल्या, ‘‘दोन धपाटे द्या, गप्प बसेल.’’ नंबर लागला तेव्हा तो स्वतःचे मनगट चावत होता, म्हणून पुढच्या बुधवारी या असे सांगण्यात आले. त्याच दिवशी फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो गृहस्थ भेटला. ‘‘ताई, पोराचे हाल कशाला करता? मुलाला आणायची गरज नाही. आधार आणि फोटो द्या, बाकी मी बघतो.’’

याच वाक्याला मी सावध व्हायला हवे होते. स्वमग्नतेचे प्रमाण ठरवणाऱ्या आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) या चाचणीत चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि ते मुलाला समोर पाहून, पालकांशी बोलून द्यायचे असतात. हीच चाचणी आम्ही १,५०० रुपये भरून खाजगीत करून घेतली होती, त्यामुळे ती कशी होते हे मी डोळ्यांनी पाहिले होते. मूल न पाहता टक्केवारी देणारा माणूस खोटेच कागद देणार, हे कळण्याइतकी मी शहाणी होते. पण त्या दुपारी मला फक्त ‘आणायची गरज नाही’ एवढेच ऐकू आले.

‘फाइलचे’ ३,५०० रोख दिले. ‘साहेबांचे’ ६,००० स्कॅनरवर पाठवले, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर नाव आले ते कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचे. मी ते वाचले आणि पिन टाकला. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नावाखाली ‘जीएसटीसह’ २,३६० गेले ते वेगळेच.

तीन आठवड्यांनी कार्ड आले, त्यावर ७५ टक्के. शाळेतल्या विशेष शिक्षिकांनी कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर काहीच उघडले नाही. त्याहून वाईट पुढेच होते. ज्या सरकारी संकेतस्थळावर या कार्डासाठी अर्ज करतात, त्या स्वावलंबन पोर्टलवर मुलाच्या आधारवर आधीच एक अर्ज पडून होता आणि त्याला मोबाइल क्रमांक त्या माणसाचा जोडलेला होता, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि नवा अर्ज मला करता येणार नाही. अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, पण त्यात क्रमांक स्वतःचाच घाला.

पोलीस चौकीत सांगितले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, निम्मे पैसे रोख आहेत, चौकीत जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी नवव्या दिवशी फोन केला. तिथे तक्रार क्रमांक मिळाला, पैसे मात्र कधीच पुढे सरकले होते. फोन करायचा तो त्याच तासात करा. रुग्णालयातल्या बाबूंनी ‘‘दलालाकडे गेलातच कशाला?’’ असे विचारत भिंतीकडे बोट दाखवले. ‘दलालांपासून सावध’ ही पाटी अर्धी कपाटामागे होती. एका हवालदारांनी तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम ९१ ऐकवले : फसवून लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कार्ड बनवणारा अजून त्याच झेरॉक्सच्या दुकानात चहा पितो, आणि जबाब माझा लिहून घेतला जातो! म्हणून सांगते, असे कार्ड हाती आले तर ते कुठेही वापरू नका. लेखी तक्रारीसोबत जमा करा आणि पोच घ्या. माझी पहिली तक्रार तोंडीच होती, ती कुणाला आठवतसुद्धा नाही.

मोबाइल क्रमांक बदलून मिळायला ४७ दिवस आणि तीन अर्ज लागले. आता पुन्हा बुधवारचीच तारीख आहे. मुलासाठी कानावर लावायचे हेडफोन घेतले आहेत, आणि तो बाकाखाली शिरलाच तर या वेळी मीही त्याच्याजवळ खाली बसणार आहे.