चवथीच्या मखरामागे लेझर: लाल की हिरवा?

फिरत्या मोटरवर आरशाचा तुकडा चिकटवून भिंतीवर नक्षी पाडायची, तर लेझर मॉड्यूल (किरण सोडणारी छोटी तयार नळी) कुठला घ्यावा? गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी पोरं हेच विचारतात.

हिरवा दिसतो झकास. डोळ्याला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ६५० च्या लालपेक्षा तेवढ्याच शक्तीत कितीतरी पट उजळ दिसतो. पण स्वस्त हिरव्याच्या पोटात बऱ्याचदा ८०८ नॅनोमीटरचा डायोड असतो. त्यातून आधी १०६४ आणि मग स्फटिकातून ५३२ तयार होतो. हा ८०८ आणि १०६४ चा अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर नसेल, तर तोही बाहेर येतो. तो दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटल भाजतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन-मानक संस्थेने असाच एक हिरवा लेझर पॉइंटर तपासून धोक्याचा इशारा दिला होता.

लाल डायोड थेट लालच देतो. नक्षी फिकी दिसेल, पण खोलीत अंधार केला की पुरते. माझं मत ठाम आहे: घरात लाल, तोही १ मिलिवॅटच्या आतला, लेझर-सुरक्षेच्या वर्गवारीत वर्ग २ चा. लेबलवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, स्वस्त मॉड्यूल छापल्यापेक्षा जास्त शक्तीचे निघतात.

आणि रंग कुठलाही असो, मोटर अडकली की किरण एकाच जागी थांबतो. म्हणून मोटर आणि लेझर एकाच स्विचवर ठेवू नका. लेझर आधी बंद करता आला पाहिजे. किरण माटोळीच्याही (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्याही) वर, छताकडे वळवा. घासूनपुसून लख्ख केलेली समई त्याच्या वाटेत आली, तर तो आरतीला बसलेल्या मुलांच्या डोळ्यांत जाईल.