घडीच्या चाकूचं पोलाद: एस३०व्ही, एम३९० की मॅग्नाकट?

घडीचा चाकू घ्यायला गेलं की मूठ, लॉक, वजन हे सगळं हातात धरून कळतं. पात्याचं पोलाद मात्र कळत नाही. त्यावर कोरलेल्या अक्षर-आकड्यांवर भरवसा ठेवावा लागतो, आणि किमतीतला मोठा फरक नेमका त्यांच्यामुळेच पडतो. मी कोकणात किनाऱ्यावर राहतो. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि कैरीचा चीक यांत चाकू वापरून माझं मत बनलं आहे. सोलापूर-लातूरच्या कोरड्या हवेतल्या माणसाचा निर्णय वेगळा असू शकतो.

पोलादात कार्बन आणि क्रोमियम, व्हॅनेडियमसारखे धातू मिळून अतिशय कठीण कण तयार होतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. धार टिकते ती बरीचशी त्यांच्यामुळे. पण भाकरीच्या पिठात जाड कणी राहिली तर थापताना तिथूनच तडा जातो, तसंच पात्याचं आहे. कण मोठे आणि जास्त असतील तर धारेचा टवका उडतो. यावरचा उपाय म्हणजे पावडर पोलाद. वितळलेला रस वायूच्या झोताने फवारून त्याची भुकटी करतात आणि ती दाब-उष्णतेने एकजीव करतात. पीठ वस्त्रगाळ केल्यासारखे कण बारीक आणि सारखे राहतात. इथे ज्या तिघांची तुलना करतोय, ती तिन्ही पावडर पोलादं आहेत.

एस३०व्ही अमेरिकेच्या क्रूसिबल कंपनीने २००१ मध्ये खास चाकूंसाठी आणलं. डिक बार्बर यांनी ते घडवलं आणि चाकूकार ख्रिस रीव्ह यांचा सल्ला घेतला. त्यात १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम आहे. पुढे एस३५व्हीएन (२००९) आणि एस४५व्हीएन (२०१९) आली. पहिल्यात थोडा नायोबियम धातू घालून चिवटपणा, म्हणजे धक्का सोसून न तुटण्याची ताकद, वाढवला, दुसऱ्यात क्रोमियम १६ टक्क्यांवर नेलं. हे घराणं भरवशाचं आहे, पण कुठल्याच बाबतीत पहिलं येत नाही. सवलतीत मिळालं तर जरूर घ्यावं.

ऑस्ट्रियाच्या बोलरचं एम३९० धार टिकवण्यात या तिघांत पुढे आहे. १.९ टक्के कार्बन, २० टक्के क्रोमियम. सीपीएम-२०सीव्ही आणि सीटीएस-२०४पी ही जवळपास याच पाककृतीची दुसऱ्या कंपन्यांची नावं. त्यांच्यात निवड करण्यात वेळ घालवू नये. दिवसभर खोकी, दोर, प्लास्टिकच्या पट्ट्या कापणाऱ्याला एम३९० आवडतं, कारण पुठ्ठ्यातली बारीक रेती साध्या पोलादाची धार झपाट्याने खाते. पण त्याच्या घडणीत सुमारे पाचवा भाग कार्बाइडचा आहे. धार फार पातळ ठेवून हाडावर किंवा सुक्या लाकडावर जोर लावला तर ती तुटू शकते. बोथट झाल्यावर घरच्या साध्या दगडावर परत आणायलाही वेळ लागतो.

मॅग्नाकट समजून घ्यायला थोडं थांबावं लागेल. लॅरिन थॉमस हे धातुशास्त्रज्ञ; त्यांचे वडील डेव्हिन थॉमस दमास्कस पोलादाचे नामवंत कारागीर. लॅरिन यांनी २०२१ मध्ये आणलेल्या या पोलादात क्रोमियम फक्त १०.७ टक्के आहे. आकडा बघून वाटतं, हे गंजणारच. डी२ नावाच्या दुसऱ्या एका पोलादात तर १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं आणि तरी ते गंजतं. माझ्या डी२ च्या चाकूने एका संध्याकाळी कैऱ्या चिरल्या आणि तो न पुसता तसाच राहिला. सकाळी पात्यावर काळे डाग उठले होते, ते आजही आहेत.

याचं कारण असं की गंज अडवायला क्रोमियम पोलादात विरघळलेलं मोकळं असावं लागतं. डी२ मधलं पुष्कळ क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून बसतं. एम३९० मधल्या २० टक्क्यांतलंही बरंच तसंच खर्ची पडतं. मॅग्नाकटमध्ये व्हॅनेडियम आणि नायोबियम यांचेच बारीक कण होतील असं प्रमाण साधलं आहे, त्यामुळे क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं राहतं. परिणामी खाऱ्या पाण्यात ते एम३९० पेक्षाही चांगलं तगतं. शिवाय एकूण कार्बाइड कमी आणि बारीक असल्याने चिवटपणात एस३०व्ही आणि एम३९० दोघांनाही मागे टाकतं. धार टिकण्यात ते एस३०व्हीच्या घराण्याजवळ आहे, एम३९० च्या खाली. माझ्या मते हा सौदा फार चांगला आहे, कारण चिवट पोलादाची धार जास्त पातळ ठेवता येते आणि पातळ धार मुळातच जास्त सहज कापते.

रोज होडीवर असाल तर एलसी२००एन हे पोलाद बघा. त्यात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतं आणि गंज जवळपास विसरता येतो. धार मात्र लवकर जाते.

पोलादाच्या नावापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून थंड करण्याची पद्धत. लोहार कोयत्याला पाणी देतो, ते बिघडलं तर लोखंड कितीही चांगलं असो, कोयता वाकतो नाहीतर तुटतो. कारखान्यातही तेच. बक कंपनीचा ११० हा चाकू ४२०एचसीसारख्या साध्या पोलादाचा, पण पॉल बॉस यांच्या पद्धतीने पाणी दिलेलं असल्यामुळे त्याचं नाव झालं. म्हणून विक्रेत्याला रॉकवेल कठीणपणा, म्हणजे पातं किती कठीण आहे ते सांगणारा आकडा, विचारा. मॅग्नाकटला ६२ ते ६४, एम३९० ला ६० ते ६२ असं उत्तर आलं तर ठीक. ५८ चं एम३९० घेण्यात पैसे वाया जातात.

मला एकच घ्यायचा असेल तर मी मॅग्नाकट घेईन. गोदामात काम असेल आणि हवा कोरडी असेल तर एम३९०. आणि बजेट बेताचं असेल तर या तिघांना सोडून स्वीडनचं १४सी२८एन घ्या: ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम, भरपूर चिवट, सहसा न गंजणारं. त्याची धार महागड्या पोलादांइतकी टिकत नाही, पण साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते. वाचलेल्या पैशांतून एक हिऱ्याची पट्टी घ्या. व्हॅनेडियमचे कण साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात, म्हणून पुढे वरच्या पोलादाचा चाकू आलाच तर धार लावायला तीच पट्टी लागेल.