फल्लीची अ‍ॅलर्जी असलेल्या लेकराला घेऊन वॉटरपार्क: दहा महिने, चार चकरा, आमचा अनुभव

आमचं गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. पार्क नागपूरच्या बाजूला, घरून निघालं की मधात चहापाणी धरून अडीच-तीन तास लागतात. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते कोणत्याही पार्कमधे कामाला येईल. पाळणे, घसरगुंड्या, लाटांचा तलाव, खायचे स्टॉल, सगळीकडं जवळपास तेच असते. ऑक्टोबर ते जुलै आम्ही चार वेळा गेलो, आणि प्रत्येक वेळी काही ना काही नवीन समजलं. कोणी अशाच लेकराची आई हे वाचत असेल तर तिला आमच्यासारखं ठेच लागून शिकावं नाही लागावं, म्हणून बसून सगळं लिहून काढलं.

लेकरू सहा वर्षाचं. फल्ली आणि तीळ, दोन्ही चालत नाही. (बाहेरच्यांसाठी, फल्ली म्हणजे शेंगदाणा.) अडीच वर्षाचा असताना फल्लीच्या चटणीचं बोट चाटलं आणि दहा मिनिटात तोंड सुजलं, मग नागपूरला नेऊन हातावरची टोचणी टेस्ट आणि रक्ताची आयजीई (अ‍ॅलर्जी तपासायची) टेस्ट झाली तेव्हा पक्कं समजलं. आता तुम्हीच सांगा, आपल्या इकडं फल्लीशिवाय काय असते? पोह्यात फल्ली, साबुदाण्यात फल्ली, भाजीत कूट, चिवड्यात फल्ली, संक्रांतीला चिक्की आणि तीळगूळ. घरात सासूबाईंनी मिक्सरचं भांडं वेगळं केलं, तेल बदललं, स्वतःच्या उपवासाची खिचडीही फल्लीशिवाय करायला लागल्या, त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण घराच्या बाहेर पाय ठेवला की सगळं दुसऱ्याच्या हातात जाते, आणि पार्क म्हणजे तर दिवसभर बाहेरच.

पहिली चक्कर, दिवाळीच्या आधी. गेटवर डबा अडवला. बाहेरचं खाणं आत चालत नाही असा बोर्ड होता आणि सिक्युरिटीवाला भाऊ बोर्डाकडं बोट दाखवून मोकळा. मी सांगितलं भाऊ याला अ‍ॅलर्जी आहे, तर म्हणे, "ताई आत सगळं मिळते ना, प्लेन काहीतरी घेऊन द्या." अर्धा तास उन्हात उभं राहून मॅनेजरपर्यंत बोलणं गेलं तेव्हा डबा आत गेला, तोवर लेकरू रडून रडून थकलं होतं. दुसऱ्या वेळेपासून आम्ही दोन दिवस आधी फोन करतो, ज्यानं हो म्हटलं त्याचं नाव विचारून घेतो आणि त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टाकतो. गेटवर तोच मेसेज दाखवतो. तीनही वेळा पाच मिनिटात आत गेलो. म्हणजे नियम तोच, गेट तेच, फक्त आधी बोलून ठेवलं की माणसं समजून घेतात.

माझी मावसबहीण दोन वर्षांआधी ओर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाऊन आली, ती सांगत होती की तिथं आपलं खाणं आत नेता येते आणि बऱ्याच हॉटेलात अ‍ॅलर्जीचा वेगळा मेनू देतात, कोणत्या पदार्थात काय नाही ते लिहिलेलं. ऐकून बरं वाटलं, की हे कुठंतरी होते म्हणजे होऊ शकते. आपल्याकडंही ज्यांच्या १० किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत त्यांनी मेनूसोबत अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी असा एफएसएसएआयचा (खाण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे. पण पार्कमधले स्टॉल असतात एकेकट्या माणसाचे, तिथं कशाचा बोर्ड आणि कशाचा मेनू.

दुसरी चक्कर जानेवारीत, भासऱ्यांची (मोठ्या दिरांची) पोरंही सोबत होती. ही चक्कर मी नीट सांगते, कारण इथं आमची चूक झाली. डबा होता, पण बाकीची पोरं स्टॉलवर खाऊन राह्यली होती आणि हा तोंडाकडं पाहात होता, म्हणून मी म्हटलं इडली तर साधी असते, तांदूळ आणि उडीद. स्टॉलवाल्या दादाला तीनदा विचारलं, फल्ली आहे का. तो म्हणे इडलीत नाही ताई. खरंच होतं, इडलीत नव्हती. पण त्याच्या चटणीत होती, आणि प्लेटमधे चटणी आधीच वाढून ठेवली होती, मी चटणी नको म्हटल्यावर त्यानं ती कापडानं पुसली आणि त्याच प्लेटवर इडली ठेवून दिली. माझं लक्ष पैसे देण्याकडं होतं. पुतण्यानं नंतर सांगितलं म्हणून समजलं. त्या दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की पुसलं तरी राहते.

दहा मिनिटं नाही झाली तर ओठ सुजायला लागले, मानेवर गांधी उठल्या. मी त्याला सेट्रिझिन, म्हणजे खाज-गांधीचं औषध, पाजलं आणि वाट पाहिली. ही दुसरी चूक, आणि मोठी. खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला, उलटी झाली, तेव्हा याच्या बाबांनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन मारलं, अशा वेळेसाठी डॉक्टर जवळ ठेवायला देतात ते. डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावून सांगितलं होतं की खाज-गांधीच्या औषधानं श्वासाचा त्रास थांबत नाही, आणि अंगावर गांधी आणि सोबत खोकला, उलटी, घोगरा आवाज असं काही दिसलं की थांबायचं नाही, अ‍ॅड्रेनॅलिन द्यायचंच. ऐकलं होतं, पण समोर आपलं लेकरू असलं की हात थरथरते आणि मन म्हणते थोडं थांबून पाहू. नका थांबू. इंजेक्शन दिल्यावर पाच-सात मिनिटात त्याचा श्वास मोकळा झाला, मी डोळ्यानं पाह्यलं. त्याला आडवंच ठेवलं, पायाखाली बॅग दिली, उभं नाही केलं, उचलून पळवलं नाही. १०८ ला फोन केला. रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं, कारण एकदा बसलेला त्रास काही तासांनी परत उठू शकतो. डॉक्टर म्हणाले बरं झालं घरी नाही नेलं.

त्या दिवसापासून आमचा नियम एकच, पार्कमधलं शिजवलेलं काहीच नाही. विकत घ्यायचं तर पाण्याची बाटली आणि सोलून खायचं फळ. आलूबोंडा नाही, फ्राईज पण नाही, कारण कढई एकच असते आणि त्यात आधी काय तळलं ते तेलाला माहीत. आईस्क्रीमचा स्कूप नाही, तोच चमचा काजू-पिस्त्यातून फिरून फल्लीच्या चुऱ्यात जाते. पाकिटातलं खाणं लेबल वाचून. पण इथं एक गोष्ट बहुतेक लोकांना माहीत नसते. २०२० च्या लेबलिंग नियमात ज्या अ‍ॅलर्जीच्या वस्तू ठळक लिहून द्यायच्या आहेत त्यात गहू आणि ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, झिंगे-खेकडे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाईट (खाणं टिकवायला टाकतात ते) आहे. तीळ नाही. म्हणून तिळासाठी खालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचून भागत नाही, साहित्याची अख्खी यादी वाचावी लागते. मी चष्मा लावून वाचते, आणि समजलं नाही तर पाकीट परत ठेवते.

डब्यात काय नेतो ते बऱ्याच जणींनी विचारलं. सकाळी गाडीत उकडपेंडी, दुपारी पोळी आणि आलूची सुकी भाजी, दहीभात, फुटाण्याची डाळ टाकलेला मुरमुऱ्याचा चिवडा, सिझन असला की संत्री. (फुटाणे, तूर, सोयाबीन हे फल्लीच्याच कुळातले, म्हणून लोक विचारतात हे कसं चालते. याला चालते, टेस्ट करून डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्या लेकराचं तुमचे डॉक्टर सांगतील.) गोड म्हणून साखरपोळी. आता तर भासऱ्यांची पोरंच याच्या डब्यावर डोळा ठेवतात आणि त्यामुळं हा खूश असतो, की माझा डबा सगळ्यांना पाहिजे. टेबलावर बसायच्या आधी मी ओल्या कापडानं टेबल पुसते आणि आपली चादर अंथरते. आणि खाण्याआधी साबणानं हात धुणं, सॅनिटायझर नाही, त्यानं फल्लीचा अंश जात नाही, साबण-पाण्यानंच जाते.

आता सगळ्यात जास्त डोकं ज्यात गेलं ते, इंजेक्शन जपणं. बाहेर देशात बटण दाबायचं पेन मिळते, इकडं आम्हाला नाही मिळालं, म्हणून डॉक्टर अ‍ॅम्प्युलमधून (औषधाच्या काचेच्या छोट्या बंद बाटलीतून) सिरींज भरून देतात. वजनाच्या हिशोबानं, १ किलोला ०.०१ मिलिग्रॅम. जानेवारीत वजन १८ किलो होतं तर ०.१८ मिलिग्रॅम, आणि आमच्या अ‍ॅम्प्युलमधे १ मिलीत १ मिलिग्रॅम औषध असते, म्हणून ०.१८ मिली. १ मिलीची सिरींज, ज्यावर मिलीचे आकडे आहेत ती. इन्सुलिनची सिरींज नाही घ्यायची, तिच्यावर युनिट असतात आणि घाईत गडबड होते. सुई मांसात जाईल एवढी लांब पाहिजे, तीही डॉक्टरांकडूनच घ्या. टोचायची जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. आमच्याकडं दोन सिरींज असतात, कारण फरक नाही पडला तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरी द्यायची सांगितली आहे.

आणि हे औषध उन्हाला घाबरते. उजेडानं आणि गरमीनं खराब होते, रंग गुलाबी किंवा भुरा दिसला की फेकायचं. आता आपल्या इकडं मे महिन्यात ४५ डिग्री, पोरांच्या सुट्ट्याही तेव्हाच, विदर्भात शाळा उशिरा उघडतात म्हणून जून पण सुट्टीतच जाते. तिसरी चक्कर मे मधेच झाली. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं तर सोडाच, पार्कचा लॉकर म्हणजे उन्हातली पत्र्याची पेटी, त्यात हात घातला तर चटका बसला. आम्ही काय केलं, रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घेतला, खाली बर्फाची पिशवी, त्यावर दोन घड्या जाड टॉवेल, त्यावर टूथब्रशचा प्लॅस्टिकचा डबा आणि डब्यात सिरींजा, वरून काळं कापड. बर्फाला टेकू द्यायचं नाही, गोठलं तरी खराब. मधात छोटा थर्मामीटर टाकला होता, सकाळी २१ दाखवत होता आणि संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा २७. मला हे चाललं, पण तरी आमचे डॉक्टर उन्हाळ्यात दर महिन्याला सिरींज बदलून देतात, अ‍ॅम्प्युल काही महाग नाही, तेवढ्यासाठी कंजूषी करू नका.

दुसरा प्रश्न, पाण्यात असताना थर्मास कोणाजवळ? पहिल्या दोन वेळा आम्ही दोघंही पाण्यात आणि बॅग खुर्चीवर. जानेवारीत बॅगपर्यंत पळत जायला जे दोन मिनिटं गेले ते मला अजून आठवतात. आता एक माणूस कोरडा राहते. ठरवूनच. दुपारपर्यंत मी कोरडी, नंतर याचे बाबा. कोरड्या माणसाच्या खांद्यावर थर्मास आणि गळ्यात मोबाईल, आणि लेकरू ज्या घसरगुंडीवर चढलं तिच्या खालच्या टोकाशी उभं राहायचं. आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास पाण्यात नाही, कारण लाटांच्या तलावात खोकला आला तर तो नाकात पाणी गेल्याचा की दुसरा, समजणार नाही.

कार्ड पण बनवलं आहे. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट केलं, एका बाजूला मराठी-हिंदी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, फल्ली आणि तीळ यांचं चित्र, खाली दोन ओळी की काय दिसलं तर काय करायचं, आणि आमचे नंबर. तीस रुपये लागले. आल्या आल्या एक कार्ड लाईफगार्डला देतो, एक फर्स्ट एडच्या खोलीत. मे मधे फर्स्ट एडच्या ताईनं ते भिंतीला चिकटवून घेतलं, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जवळच्या दोन दवाखान्यांचे नंबर आणि रस्ता आम्ही घरूनच लिहून नेतो, तिथं नेटवर्कचा भरवसा नाही.

जुलैची चक्कर सगळ्यात चांगली गेली. पाऊस भुरभुर होता, गर्दी नव्हती, याला लाटांच्या तलावातून काढता काढता संध्याकाळ झाली. बाजूला एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्या आजीनं मायेनं याच्या हातात तिळाचा लाडू ठेवला. मी तिथून वीस पावलांवर होते, धावतच निघाले. तर यानं लाडू परत त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजी, मले तीळ नाई चालत, फल्ली बी नाई. मी हात धुऊन येतो." आणि खरंच नळाकडं गेला. घरी आम्ही रोज खेळासारखी हीच प्रॅक्टिस घेत होतो, कधी मी आजी व्हायची, कधी त्याचे बाबा दुकानदार. त्या आजींना वाईट वाटू नये म्हणून मी आमच्या डब्यातली साखरपोळी नेऊन दिली, मग बराच वेळ त्या विचारत राह्यल्या, काहून होते असं, लहानपणापासूनच का, कमी होईल का. मोठेपणी काहींची जाते, फल्लीची बहुतेकांची राहते, हे डॉक्टरांनी जसं सांगितलं तसं त्यांना सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत परत जायचं आहे. मागच्या आठवड्यात वजन केलं तर २० किलो भरलं, म्हणजे आता ०.२ मिली लागेल, सोमवारी जाऊन सिरींजा नवीन भरून घेतो आणि कार्डावरचा डोसचा आकडाही बदलतो. वजनाकडं लक्ष ठेवा, पोरं वाढतात आणि जुना डोस तसाच राहून जाते.