क्लासिक ३५०: ठोसेघरच्या चढावर पारखून घ्यावी अशी गाडी

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेऊ का, असं कुणी विचारलं की मी सांगतो, शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर चक्कर मारून ठरवू नकोस. ओळखीतल्या कुणाची तरी माग, रविवारी उजाडताना साताऱ्यातून बोगद्यापलीकडं नीघ, सज्जनगडाचा फाटा मागं टाक आणि ठोसेघरकडं चढायला लाग. गाडी काय आहे ते तिथं कळतं.

माझी २०२१ मध्ये आलेल्या नव्या इंजिनाची, ३४९ सीसी. माझा मित्र संत्या, त्याची आधीच्या इंजिनाची जुनी क्लासिक, ३४६ सीसी. सुट्टीच्या सकाळी आम्ही जोडीनं निघतो आणि वाटेत गाड्या बदलतो. माझी पहिल्यांदा चालवून उतरला तेव्हा म्हणाला, "गाडी झ्याक हाय, पण बोलतच न्हाय की रं!" खरं आहे त्याचं. नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे थरथर मारणारा फिरता दांडा आहे, त्यामुळं धडधड अंगापर्यंत पोचत नाही. ज्याला ती धडधडच हवी, त्यानं चांगली राखलेली जुनी शोधावी. मला ही शांत गाडी जास्त भावते. आरशात मागून येणारा संत्या स्पष्ट दिसतो आणि डोंगरातला वारा ऐकू येतो.

चढावर तर ही गाडी जिंकते. ताकद २० बीएचपीच्या आसपास, कागदावर काही फार नाही. पण २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४००० आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांवरच) मिळतो, आणि घाटात कामाला येतो तो हाच. वळणावर अचानक एसटी समोर येते, नाहीतर म्हशी रस्ता अडवून निवांत चालतात. वेग तिशीवर येतो. तिसऱ्या गिअरमध्येच असता, म्हशी बाजूला होतात, हलकेच ॲक्सिलरेटर पिळला की गाडी कुरकुर न करता उचलते. सारखा गिअर पाडायची कटकट नाही. अशा रस्त्याला चाळीस-पन्नासचा वेग पुरतो, आणि त्या वेगात ही गाडी अगदी मजेत असते. ज्याला हायवेवर शंभरच्या वर पळत राहायचंय, त्यानं दुसरी बघावी.

ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्या जिथं उभ्या केल्यात तिथं वारा कसा असेल हे वेगळं सांगायला नको. तो आडवा अंगावर येतो. इथं १९५ किलो वजनाचा उपकार वाटतो, गाडी आपली रेघ सोडत नाही. तेच वजन गाडी उभी करताना मात्र जाणवतं. मुरमाड उतारावर नाक खाली करून लावली, तर मागं ओढताना दोघं लागतात. चढाकडं तोंड करूनच लावायची आणि स्टँडखाली चपटा दगड ठेवायचा. पावसाळ्यात तर हे विसरूच नये, माती मऊ होऊन स्टँड रुततो.

सीट ८०५ मिलिमीटर उंच आहे, बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. टाकी १३ लिटरची. घाट धरून मला पस्तीसच्या आसपास ॲव्हरेज मिळतं, म्हणजे साताऱ्यात पेट्रोल भरून निघालं की दिवसभराची चिंता मिटली.

घेताना रंगाच्या आधी चाकं आणि ब्रेक बघा. तारांची चाकं देखणी दिसतात, पण आत ट्यूब असते. पठारावर खिळा लागला तर चाक खोलावं लागतं, आणि आजूबाजूला पंक्चरचं दुकान नसतं. अलॉय चाकांना ट्यूबलेस टायर येतात, ते जागेवर बुजवता येतात. स्वस्तातल्या गाडीला मागं ड्रम ब्रेक आणि एकाच चाकाला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) असतं. सज्जनगडाकडं उतरताना ओल्या वळणावर दोन्ही चाकांना एबीएस असलेलंच बरं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, दोन्ही डिस्कवालीच घ्या.