मदतनीसाची जर्सी: जम्बो-विस्मा २०२३, दोन वर्षं वापरल्यावर

आधी कामाचं सांगते, म्हणजे घ्यायची की नाही एवढंच ज्यांना ठरवायचंय त्यांचा वेळ जायला नको. जम्बो-विस्मा या सायकल शर्यतींच्या डच संघाची २०२३ची पिवळी-काळी जर्सी, अर्ध्या बाह्यांची, पुरुषांच्या मापातली स्मॉल, मी जानेवारी २०२४पासून वापरतेय. मिळाली तर जरूर घ्या. एक माप मोठी घ्या. नवीकोरी मिळणं मात्र आता अवघड आहे. २०२३ संपताना जम्बो सुपरमार्केटचं नाव संघावरून गेलं आणि संघ विस्मा-लीज अ बाइक झाला. नाव बदललं की जुन्या नावाचा माल दुकानदार मिळेल त्या भावाला काढून टाकतात. माझी भाची आइंडहोव्हनला नोकरीला आहे, तिला तिथल्या एका दुकानात ही निम्म्या किमतीत मिळाली. संक्रांतीला आली तेव्हा तिळगुळाच्या बदल्यात तिने ती माझ्या हातात ठेवली.

आता सविस्तर.

जर्सी म्हटलं की लोक रंग बघतात, कापड बघतात. मी पहिल्यांदा उलटी करून पाठ बघते. पाठीवरचे तीन खिसे हाच या कपड्याचा जीव आहे. आमचा साताऱ्यातला रविवारचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, पहाटे साडेपाचला निघून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जातो. त्यात मी कायम सगळ्यांच्या मागे असते, तेही ठरवून. कुणाचं पंक्चर झालं, कुणाच्या पायात गोळा आला, कुणाचं पाणी संपलं, तर थांबणारी मी. त्यामुळे माझ्या डाव्या खिशात दोन ट्यूब आणि टायर लिव्हर, मधल्यात हातपंप आणि विंडचीटर, उजव्यात खजूर, शेंगदाण्याची चिक्की, ओआरएसची पाकिटं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. आधीच्या दोन जर्स्यांचे खिसे एवढ्या ओझ्याने घाट संपेपर्यंत मांडीपर्यंत लोंबायचे, आणि उतारावर सीटवरून मागे सरकलं की खिसा सीटच्या टोकात अडकायचा. हिचे खिसे लोंबत नाहीत. खिशांच्या तोंडाची इलॅस्टिक अजून तशीच आहे, आणि पाठीचं कापड पुढच्यापेक्षा जरा घट्ट विणीचं असल्याने सगळा भार कंबरेला धरून राहतो. चालत्या सायकलवर न बघता हात मागे घातला तर चिक्की नेमकी हाताला लागते. दमलेल्या माणसाला खायला देताना हे फार कामाला येतं.

खिशांचं एवढं का सांगतेय, त्यामागे त्या संघाचं २०२३चं वर्ष आहे. ते वर्ष मी जवळजवळ रोज पाहिलं. युरोपातल्या शर्यतींचा शेवट आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास येतो. बँकेतून येऊन स्वयंपाक उरकायचा, डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा आणि भाकरी भाजता भाजता शेवटचे तीस किलोमीटर बघायचे, असे कितीतरी महिने गेले.

त्या एका वर्षात या संघाने जिरो दितालिया, टूर द फ्रान्स आणि व्हुएल्ता अशा तिन्ही तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती जिंकल्या, तेही तीन वेगवेगळ्या माणसांनी. इटलीत प्रिमोझ रोग्लिच, फ्रान्समध्ये योनास विंगेगार्ड, स्पेनमध्ये सेप कुस. एका संघाने एकाच मोसमात तिन्ही जिंकणं त्याआधी कधी झालं नव्हतं. पण सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत जो पुढे असतो तो संघाची जर्सी घालतच नाही. इटलीत तो गुलाबी घालतो, फ्रान्समध्ये पिवळी, स्पेनमध्ये लाल. म्हणजे संघाच्या रंगात उरतात ती त्याच्या पुढे राहून त्याच्यासाठी वारा कापणारी, मागच्या गाडीकडे जाऊन बाटल्या आणणारी माणसं. फ्रेंचमध्ये अशा स्वाराला डोमेस्तिक म्हणतात, म्हणजे घरगडी. मला तो शब्द आवडत नाही, मी मदतनीस म्हणते. (फ्रान्समध्ये पुढे असणाऱ्याच्या पिवळ्याशी गोंधळ नको म्हणून या संघाने खास वेगळ्या रंगांचे कपडे घातले होते, त्यामुळे टूरच्या फोटोत ही जर्सी शोधू नका, सापडणार नाही.)

आणि मदतनिसांमधला पहिला होता कुस. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या डुरँगोचा, अंगाने काटक, चेहरा शांत. त्या वर्षी तो जिरोही धावला आणि टूरही. जिरोत २३ मेला माँते बोंदोनेच्या चढावर रोग्लिच मागे पडला. जेरेंट थॉमस आणि जुआंव आल्मेदा हे प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले. कुस स्वतः ताजातवाना दिसत होता, पण तो गेला नाही. रोग्लिचच्या पुढे राहून, त्याला झेपेल त्याच वेगाने त्याने त्याला वर नेलं. त्या दिवशी रोग्लिचचं नुकसान २५ सेकंदांवर थांबलं. चार दिवसांनी माँते लुस्सारीच्या चढावर एकेकट्याने धावायची घड्याळाची शर्यत होती. रोग्लिच थॉमसच्या २६ सेकंद मागे होता. ऐन चढावर त्याची चेन उतरली, तो थांबला, आणि रस्त्याकडेच्या गर्दीतून एकाने धावत येऊन त्याला ढकलून पुन्हा चालतं केलं. तो निघाला मित्या मेझनार, रोग्लिचचा स्की-जंपिंगच्या दिवसांतला सहकारी. माझी तव्यावरची भाकरी त्या दिवशी जळून काळी झाली. रोग्लिचने तो टप्पा ४० सेकंदांनी आणि अख्खा जिरो १४ सेकंदांनी जिंकला. बोंदोनेवर कुस थांबला नसता तर त्या १४ सेकंदांचं काय झालं असतं, हा हिशोब मी नंतर कितीदा मांडलाय.

जुलैत टूरमध्ये पुन्हा तेच, या वेळी विंगेगार्डसाठी. डोंगर आला की कुस पुढे. विंगेगार्ड ताडेय पोगाचारच्या ७ मिनिटं २९ सेकंद पुढे राहून जिंकला. कुस शेवटून दुसऱ्या दिवशी पडला, तोंड रक्ताळलं, तसाच सायकलवर बसला आणि बारावा आला.

कापडाबद्दल. एप्रिलच्या उन्हात काळा भाग तापतो, हे खरं आहे. सकाळी नऊनंतर खांद्यांना चटका जाणवतो. पण घाम धरून ठेवत नाही. कासच्या पठारावर वाऱ्याला दहा मिनिटं उभं राहिलं तर पाठ कोरडी होते. पिवळा रंग मात्र पावसाळ्यात सोन्यासारखा आहे. ऑगस्टात तिथे धुकं असं उतरतं की पुढचं वळण दिसत नाही, आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या येत असतात. ग्रुपमधली मंडळी सांगतात, धुक्यात सगळ्यांत आधी माझी पाठ दिसते. मागे राहणाऱ्याच्या अंगावर असाच रंग हवा.

माप चुकलं, हे आधी म्हटलंय. कट शर्यतीचा आहे, कमरेत वाकून हँडल धरणाऱ्या माणसासाठी बेतलेला. सरळ उभं राहिलं की पुढून वर चढते आणि पोट उघडं पडतं. बाईच्या अंगाला पुरुषांचा स्मॉल छातीत ओढतो आणि खांद्यात सैल होतो. दोन वर्षांत खालच्या कडेची आतली रबरी पट्टी सैल झाली, ही दुसरी उणीव. आमच्या पेठेतल्या शिंपीकाकांनी जुनी पट्टी उसवून नवी इलॅस्टिक घालून दिली, अर्ध्या तासात. गेल्या जुलैत यवतेश्वरच्या उतारावर ओल्या शेवाळावरून चाक घसरून मी पडले, तेव्हा डाव्या खांद्यावर बोटभर फाटलं. तेही काकांनी आतून पातळ तुकडा लावून शिवलं. हात फिरवला तरच कळतं.

धुण्याचं म्हणाल तर गार पाणी, साधी पावडर, सावलीत वाळवणं. कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात घालू नका, त्याने कापडाची घाम शोषायची ताकद जाते. चेनचं ग्रीस पिवळ्यावर लागलं तर भांडी घासायचा साबण लगेच चोळायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलं की डाग बसतो.

आता व्हुएल्ता, कारण ही जर्सी मला हवीशी वाटली ती तिथे. सहाव्या टप्प्यावर, हवालाम्ब्रेच्या वेधशाळेच्या चढावर, कुस पुढच्या गटातून निसटला आणि जिंकला. त्याला कुणी फार गंभीरपणे घेतलं नव्हतं, मदतनीसच तो. दोन दिवसांनी लाल जर्सी त्याच्या अंगावर आली, आणि वर्षभर पिवळ्या-काळ्यात इतरांसाठी राबलेल्या माणसाने ती जर्सी पहिल्यांदा उतरवून ठेवली. तूर्मालेच्या चढावर विंगेगार्ड, कुस, रोग्लिच असे तिघे एकामागोमाग पहिले तीन आले. मग १३ सप्टेंबरला आंगलिरू. त्या भिंतीसारख्या चढावर रोग्लिच आणि विंगेगार्ड पुढे गेले आणि कुस, लाल जर्सीतला कुस, मागे राहिला. दुसऱ्या संघाच्या मिकेल लांडाच्या चाकामागे चिकटून तो कसाबसा वर आला. त्याची आघाडी ८ सेकंदांवर आली होती. मी मोबाइल पालथा ठेवला. ज्यांना त्याने मे महिन्यात आणि जुलैत वर ओढून नेलं, त्यांनीच त्याला सोडावं, हे मला बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते दोघे त्याच्यासाठी धावले. माद्रिदला कुस १७ सेकंदांनी जिंकला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच १ मिनिट ८ सेकंदांनी तिसरा. राग पूर्ण गेला असं नाही म्हणणार. पण आंगलिरूच्या आदल्या दिवशी बेल्जियममध्ये नेथन व्हान होयडोंक गाडी चालवताना हृदयाच्या त्रासाने कोसळला होता. दोन महिन्यांपूर्वी टूरमध्ये विंगेगार्डसाठी सपाट रस्त्यावर वारा कापणारा तोच. तो वाचला, पण शर्यती कायमच्या सुटल्या. विंगेगार्डने त्याच दिवशी जिंकलेला टप्पा त्याला अर्पण केला होता. त्या आठवड्यात त्या संघातल्या माणसांच्या मनात काय चाललं असेल, हे डब्याला टेकवलेल्या मोबाइलवरून मला कळणं शक्य नव्हतं.

मार्चमधली एक आठवण राहिलीच. बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेम या एका दिवसाच्या शर्यतीत पावसात वाउट व्हान आर्ट आणि क्रिस्तोफ लापोर्त, याच संघाचे दोघे, सगळ्यांना मागे टाकून पुढे आले आणि शेवटच्या रेषेवर व्हान आर्टने लापोर्तला पुढे जाऊ दिलं. पुष्कळांना ते खटकलं, असा विजय कुणी देतं का म्हणून. मला नाही खटकलं.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला, संघाची नवी जर्सी पाठवू का. मी म्हटलं, नवी राहू दे, कुठे जुन्या मालात हीच दिसली तर बघ, या वेळी मीडियम. ग्रुपमध्ये नवीन आलेली एक मुलगी, कॉलेजात शिकते, हल्ली घाटात माझ्याबरोबर मागे थांबायला लागलीय. तिच्याकडे खिसे असलेली जर्सी नाही, पंप टी-शर्टात खोचून आणते.